माळवदावरची उलटी वर्षं

आधी माझ्याबद्दल थोडं, म्हणजे वाचताना कोणी मला भाबडी समजू नये. मी मूळची नांदेडची. वडील सरकारी कचेरीत, आई शाळेत शिक्षिका. भानामती, अंगात येणं, बाहेरची बाधा... असला विषय निघाला की वडील चहा अर्धा टाकून उठून जायचे. मी त्यांच्याच वळणावर गेले. या सदरात येणारे अनुभव वाचून मी आजवर हसतच आलेय, आणि लिहिणाऱ्यांना झोप कमी पडते असं माझं स्पष्ट मत होतं. आता माझ्यावर कोणी हसलं तर हसू दे.

माझं काम काय ते सांगावं लागेल, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच उभं आहे. मी रसायनशास्त्रातली, गोव्याकडे एका प्रयोगशाळेत अंटार्क्टिकाच्या बर्फावर काम करते. तिकडे पडलेला बर्फ वितळत नाही, वर्षावर वर्ष साचत जातं. त्यातून नळीसारखा उभा तुकडा कापून आणायचा, त्याच्या पातळ चकत्या करायच्या आणि प्रत्येक चकतीत मीठ किती, आम्ल किती ते बघायचं. समुद्रावरून येणारं मीठ एका ऋतूत वाढतं, दुसऱ्यात उतरतं. दोन चढांच्या मधला थर म्हणजे एक वर्ष. पण खालची वर्षं वरच्या ओझ्याखाली दबून पातळ झालेली असतात, म्हणून ते दबणं गणितानं उलटं काढायचं... मग कळतं की अमक्या वर्षी खरोखर किती बर्फ पडला होता. मध्ये एखाद्या ज्वालामुखीची राख सापडली तर सोन्याहून पिवळं — त्या खुणेपासून वर आणि खाली वर्षं पक्की करता येतात. काम कंटाळवाणं आहे, पण खोटं बोलत नाही, म्हणून मला ते आवडतं.

आता बसूदादा. बसवराज, माझा चुलतभाऊ. लातूरला ट्यूशन एरियात त्याचा केमिस्ट्रीचा क्लास आहे. लातूरकरांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते — त्या भागात झाडांपेक्षा फ्लेक्स जास्त आहेत, आणि प्रत्येक फ्लेक्सवर डॉक्टर होऊ घातलेल्या पोरांचे फोटो. बसूदादाच्या फ्लेक्सवर पोरांच्या वर त्याचा स्वतःचा फोटो असायचा आणि खाली ओळ : 'भूकंपातून उभा राहिलेला शिक्षक'.

ते खरंही होतं. आमचं गाव निलंग्याकडचं. त्र्याण्णवच्या भूकंपात ते पडलं तेव्हा बसूदादा बारावीसाठी लातूरला होस्टेलवर होता. त्याची आई, म्हणजे आमची कस्तुराकाकू, भावजयीच्या बाळंतपणासाठी माहेरी गेलेली. घरात काका होते आणि बसूदादाची धाकटी बहीण मंगल — सात-आठ वर्षांची. दोघंही माळवदाखाली गेले.

माळवद म्हणजे आमच्याकडचं मातीचं छत. लाकडी तुळया, त्यावर फळ्या, त्यावर पांढरी खारी माती. दरवर्षी मिरगाच्या, म्हणजे मृग नक्षत्राच्या आधी त्यावर नवीन थर द्यायचा, नाहीतर पावसात गळतं. वर गवत माजू नये म्हणून शेवटी जाडं मीठ पसरून पाणी मारायचं आणि पायानं तुडवायचं. पिढ्यानपिढ्या हेच. जुनी माती कोणी काढत नसे, त्यामुळे छत जाड होत जायचं आणि त्याचं सगळ्यांना कौतुकच होतं. कस्तुराकाकूचं माळवद कधी गळलं नाही अशी गावात ख्याती होती. कारण ती बाकीच्या बायकांपेक्षा दोन घमेली जास्तच टाकायची. सुट्टीत मी गेले की बघायचे — काकू डोक्यावर घमेलं घेऊन शिडी चढायची आणि मागून मंगल तिच्या छोट्या टोपलीत माती घेऊन. काकूनं एक टाकलं की हिनं एक टाकायचं. काकू थांबली तरी ही थांबायची नाही. "माझं बी आईएवढंच व्हायला पायजे," म्हणायची, आणि झालं नाही तर रडून गोंधळ घालायची. लई हट्टी पोर.

भूकंपानंतर इंजिनिअर लोक आले. त्यांनी सांगितलं की हादरा होताच, पण माणसं मारली ती या छतांच्या वजनानं. हे ऐकून बसूदादा सगळ्या गावासमोर, मदतीच्या तंबूत, आईला म्हणाला होता, "तुझ्या मातीनं मारलं त्यांना. लई हौस होती तुला." मी तेव्हा तिथं होते. काकू हातातलं पातेलं खाली ठेवून बाहेर गेली. बसूदादानं ते वाक्य पुढंही सोडलं नाही. बायकोसमोर, पाहुण्यांसमोर, जेवताना... आईचा राग आला की तो तेच वाक्य काढायचा. ती नव्या गावात, पुनर्वसनाच्या स्लॅबच्या घरात एकटी राहायची. तिला दम लागायचा. छातीवर दगड ठेवल्यासारखं होतं म्हणायची, तेही दरवर्षी उन्हाळा संपता संपता वाढायचं. लातूरच्या डॉक्टरांनी हृदय तपासलं, फोटो काढले, सगळं साफ.

भूकंपाला वीसेक वर्षं होत आलेली. मी रजेवर नांदेडला होते तेव्हा बसूदादाचा फोन आला. ॲडमिशनचा सीझन आहे, क्लासमध्ये तुझं अंटार्क्टिकाचं लेक्चर ठेवतो, पण नुसत्या स्लाइडनं पोरं झोपतात, लाइव्ह काहीतरी पाहिजे. बर्फ काही मला घरी आणता येत नाही. बोलता बोलता मीच म्हणाले की आपल्या माळवदातही दरवर्षीचा थर असतो आणि वर मीठ असतं, म्हणजे पद्धत तीच. तो फोनवरच उड्या मारायला लागला. आमच्या घराची चुलीची खोली अजून उभी आहे, तिचं छत पडलेलं नाही, तिथूनच तुकडा कापू म्हणाला.

एका दुपारी आम्ही जुन्या गावात गेलो. मी, बसूदादा, शिडी घेऊन आलेले दोन मजूर, आणि काकू. तिला कोणी बोलावलं नव्हतं, ती आपली जीपमध्ये येऊन बसली होती. गावात आता दगडांचे ढीग आणि वेड्या बाभळी, एवढंच. आमच्या घराचीही एक खोली सोडली तर सगळी रास झालेली. बाकीच्या उभ्या भिंतींवर, पडक्या छतांवर कमरेएवढं गवत होतं. चुलीच्या खोलीचं छत मात्र हातानं सारवल्यासारखं स्वच्छ. एक मजूर वर चढल्यावर म्हणालाही, "हितं कामून गवत न्हाई ओ?" बसूदादा म्हणाला, जुनं मीठ असेल. मीही तेच धरून चालले.

त्यांनी छताच्या कडेचा एक चौकोनी उभा ठोकळा कापला, मी तो गोणपाटात बांधून घेतला. तोवर काकू लिंबाखाली बसली होती. तिनं मला हातानं बोलावलं.

"वैजू, तुला मातीतलं साल वळखू येतंय म्हनं?"

येतं म्हटलं.

"मग मला येकच सांग. मी दुष्काळाच्या दुसऱ्या साली लगीन होऊन आले. त्याच्या आदी सासूनं टाकलेली, तिच्या सासूनं टाकलेली. जी पडली त्यात माझी किती, आन त्यांची किती? बसूला येकदा सांगीन म्हनते."

मी सांगते म्हटलं. मनात मला वाटत होतं की हे बरंच झालं. जुनं घर, पिढ्यानपिढ्यांची माती, तिचा वाटा थोडाच निघणार. एकदाचं बसूदादाचं तोंड बंद होईल.

तपासणी मी क्लासच्याच प्रयोगशाळेत सुरू केली. मीठ ओळखायची परीक्षा बारावीचा कोणताही पोरगा करेल — माती पाण्यात कालवायची, गाळायची, सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकायचे. मीठ असेल तर पाणी दुधासारखं पांढरं होतं. मी वरपासून खालपर्यंत बारीक चकत्या केल्या आणि नळ्या ओळीनं लावल्या. पांढरी, नितळ, पांढरी, नितळ... बर्फासारखंच. खाली एका जागी मिठाचा थरच नव्हता, नुसती बारीक धूळ. तो बहात्तरचा दुष्काळ. त्या वर्षी पावसाचाच पत्ता नव्हता, लोक खडी फोडायला गेलेले, माती कोण टाकणार? वरच्या बाजूला करड्या दगडी भुकटीचा एक पट्टा सापडला. ती सगळं गाव पडलं तेव्हा उडालेली धूळ. दोन्ही खुणा पक्क्या. त्यांच्यामधले थर म्हणजे काकूची माती.

फक्त तो करडा पट्टा सगळ्यात वर असायला हवा होता. तो ठोकळ्याच्या मध्याच्या बराच वर होता खरा, पण त्याच्यावरही माती होती. आणि त्या मातीतही पांढरी नळी, नितळ नळी, पांढरी नळी. भूकंपानंतर, रिकाम्या गावात, दर साली एक थर पडलेला होता, वर मीठ पसरलेला, तुडवलेला.

मी पहिल्यांदा शांतपणे स्वतःचीच चूक शोधली. ठोकळा उलटा धरला असेल. नव्हता, खालच्या बाजूला फळीचा छाप होता. मग काकूच जाऊन टाकत असेल. तिला दोन पायऱ्या चढवत नव्हत्या. गुराख्यांना काय पडलंय? मग थरांची जाडी मांडली, दबणं उलटं काढलं, आणि आकडे दोनदा ताडून बघितले. पट्ट्याच्या खालचा पहिला थर जेवढा जाड, वरचा पहिला तेवढाच. खालचा दुसरा जेवढा, वरचा दुसरा तेवढाच. मंगल जन्मली त्या उन्हाळ्यात काकू बाळंतीण होती, काकांनी दोन-चार घमेली टाकून काम उरकलं होतं — तो पातळ थर खाली होता, आणि मोजून तेवढ्याच अंतरावर वरही होता. भूकंपापासून मागं मागं जात, काकूनं ज्या साली जेवढं टाकलं तेवढंच कोणीतरी वर टाकत आलं होतं. तिच्या लग्नाच्या सालापर्यंत पोचायला आता दोनच थर बाकी होते.

अर्धा ठोकळा मी पुढं आमच्या प्रयोगशाळेत यंत्रावर तपासला. तेच आलं. माझे वरिष्ठ म्हणाले, घडी पडली असेल. बर्फात खोलवर खरंच घडी पडते आणि थर उलटे दिसतात. पण वरच्या थरांमध्ये मला मोबाइल रिचार्जचं खरवडलेलं कार्ड सापडलं होतं, मातीत दाबलेलं. त्र्याण्णवच्या आधी आमच्या गावात मोबाइल कुठला? ते कार्ड बघून वरिष्ठ म्हणाले, हा काही आपल्या प्रकल्पाचा भाग नाही.

पण त्याच्या आधी लेक्चर झालं. वरच्या थरांचं मी कोणाला बोलले नव्हते. बसूदादानं पोरांना गणित घालायला थर मागितले, मी त्याला पट्ट्याखालचे दिले. वर्षं मोजायला लावेल असं वाटलं होतं. हॉल गच्च भरलेला, कॅमेरा लावलेला, आणि पहिल्या रांगेत खुर्चीवर काकू. सत्कार करायचा म्हणून तिला आणलं होतं, नवं इरकल नेसवून. माझं बोलणं झाल्यावर बसूदादानं खडू उचलला आणि प्रश्न सांगायला लागला. एका माळवदाच्या छेदात इतके थर. सून घरात आली ते दुष्काळानंतर. तर छत कोसळलं तेव्हा त्यातली किती टक्के माती सुनेनं टाकलेली होती? ए, बी, सी, डी असे चार पर्याय. तो हसत होता. माझ्याकडे बघून त्यानं डोळाही मिचकावला.

पोरं कामाला लागली. सगळ्या हॉलमध्ये पेनांचा आवाज. आधी एका मुलीचा हात वर गेला, मग बऱ्याच जणांचे. "सी, सर." "करेक्ट," बसूदादा म्हणाला, आणि टाळ्या झाल्या.

काकू माझ्याकडे वाकली. "सी मंजी किती गं?"

मला खोटं बोलता आलं असतं. पण फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं आणि तिला अंक वाचता येत होते. "निम्म्याहून जास्त, काकू," मी म्हणाले. तिनं मान हलवली. तेवढ्यात बसूदादानं तिच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला आणि पोरांना म्हणाला, माझी आई, भूकंपग्रस्त. परत टाळ्या. एवढा नीचपणा मी सख्ख्या मुलाकडून कधी पाहिलेला नाही, आणि त्या दिवशी त्याचं मुस्काट फोडावंसं वाटलं होतं हेही लिहून टाकते.

संध्याकाळी मी काकूला जीपनं नव्या गावात सोडायला गेले. वाटेत तिनं एकदम विचारलं, "आन वरची?"

"वरची कसली?"

"वरची माती. मंगलची."

मी तिला काही सांगितलेलं नव्हतं, देवाशपथ. ती खिडकीबाहेर बघत सावकाश बोलत होती. म्हणाली, "मला दर साली मालूम पडतंय. मिरीग जवळ आला की छातीवर घमेली पडाय लागतेत. येकेक. जेवढी मी टाकली तेवढी. ती मोजून टाकून राह्यली. लई हट्टी हाय ती, तुला ठाव हाय." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "अजून किती राह्यलं?"

मी सांगितलं. दोन साल.

"मग बरं हाय," म्हणाली. "दुष्काळाच्या पलीकडं मी नव्हते."

मी तिला सोबत नांदेडला चल म्हटलं. तिथं मातीचं काही नाही, चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट आहे. ती हसली. तिच्या डोक्यावर आता तरी कुठं माती होती? स्लॅब होता, भूकंपालाही न पडणारा. तरी मी त्या वर्षी आणि पुढच्या वर्षी मिरगाच्या आधी तिला फोन करत राहिले. पहिल्या साली ती आठवडाभर अंथरुणातून उठली नाही.

दुसऱ्या साली बसूदादाचाच फोन आला. काकू सकाळी उठली नाही, झोपेत गेली, हार्ट अटॅक. डॉक्टरनं तसं लिहूनही दिलं. मी पोचले तेव्हा आंघोळ घातली होती. आंघोळ घालणाऱ्या शेजारणीनं मला बाजूला घेऊन सांगितलं, "छाती पार बसल्याली हो बाई, पतऱ्यावानी. आन लुगड्याच्या घड्यात माती, केसात माती, तोंडात बी माती. आंथरून पांढरं झालतं." स्लॅबला एक चीरही नव्हती. मी स्वतः खाटेवर उभी राहून बघितलं. बसूदादानं खोली झाडून घेतली होती आणि तो म्हणत होता, आपल्या लिंगायतांत पुरतात, मीठ-विभूती लागते, त्याचीच कोणीतरी आणलेली माती सांडली असेल. पण शेजारीण म्हणाली, ती आली तेव्हा कोणाला अजून कळवलंही नव्हतं.

खाटेच्या पायाशी चिमूटभर माती राहिली होती, ती मी उचलली. सिल्व्हर नायट्रेट टाकलं, पाणी पांढरंधोप झालं.

त्या दिवशी परतताना मी जुन्या गावात गेले. चुलीच्या खोलीचा वरचा थर ओला होता. तिकडे अजून पावसाचा थेंब पडलेला नव्हता. कडेला, मी ठोकळा कापला होता तिथं, ओली माती थापटून खाच बुजवलेली होती. लहान हाताचे ठसे होते. पुढच्या वर्षी गेले तर त्या छतावर गवत आलेलं.

मला याचं स्पष्टीकरण सापडलेलं नाही. घडी, वारा, चेष्टा, योगायोग... सगळं मांडून बघितलं, एकही बसत नाही. वाचणाऱ्यांपैकी कोणाला सुचलं तर जरूर कळवावं.

बसूदादाच्या क्लासची आता तीन मजली इमारत आहे. तो प्रश्न त्याच्या प्रश्नसंचात अजून छापला जातो. इतक्या वर्षांत आमचं बोलणं जवळजवळ बंद होतं. गेल्या महिन्यात, मिरीग जवळ आलेला असताना, त्याचा फोन आला. आवाज बारीक झाला होता. म्हणाला, छातीवर जड जड वाटतं, डॉक्टर गॅस म्हणतात, फोटो साफ आहे.

"वैजू," तो म्हणाला, "होस्टेलला जायच्या आदी सुट्टीत मी बी आईसंगं माती टाकायचो, आठवतंय का तुला? त्यात माझी किती होती गं?"

उरलेला अर्धा ठोकळा नांदेडच्या घरी माळ्यावर गोणपाटात बांधलेला आहे. बसलं तर हिशेब निघेल. मी अजून तो खाली काढलेला नाही.